जिम मार्टिनच्या आईने सही का केली?

१ जानेवारी १९०१ रोजी सहा ब्रिटिश वसाहती एकत्र आल्या आणि ऑस्ट्रेलिया हा देश तयार झाला. जिम मार्टिन जन्मला ३ जानेवारीला. म्हणजे देशापेक्षा दोन दिवसांनी लहान. न्यू साउथ वेल्समध्ये मरे नदीच्या काठी टोकमवाल नावाचं छोटं गाव आहे, तिथला जन्म. पुढे घर मेलबर्नच्या हॉथॉर्न भागात आलं. सहा भावंडांत हा एकटा मुलगा, बाकी पाच बहिणी.

२५ ऑक्टोबर १९१५ ला तो गेला तेव्हा त्याचं वय १४ वर्षं ९ महिने होतं. पहिल्या महायुद्धात प्राण गमावलेला ऑस्ट्रेलियाचा सर्वांत लहान सैनिक म्हणून तोच ओळखला जातो. आपल्याकडे या वयाचं पोर नववी-दहावीत असतं, सहामाहीचे पेपर लपवत असतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आधी त्याच्याबद्दल वाईट वाटलंच नाही. डोक्यात आलं ते हे, की याला घेतलाच कसा? भरतीला रांगेत उभा राहिला तेव्हा समोरच्या हवालदाराला, डॉक्टरला, कुणालाच दिसलं नाही का? आणि मग कळलं की भरतीच्या कागदांत त्याच्या आईची संमतीही होती. त्या संमतीचा अर्थ नीट कळला तर बाकीची गोष्ट आपोआप उलगडते.

भरतीचा नियम आणि भरतीची रीत

ऑस्ट्रेलियाने पहिलं महायुद्ध पूर्णपणे स्वेच्छेने आलेल्या सैनिकांच्या जिवावर लढलं. सक्तीची भरती करावी का, यावर तिथे १९१६ आणि १९१७ असं दोनदा सार्वमत झालं आणि दोन्ही वेळा लोकांनी 'नाही' म्हटलं. पन्नास लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या देशातून चार लाखांहून जास्त लोक भरती झाले, त्यातले साठ हजारांहून अधिक परत आले नाहीत. सगळे आपल्या पायांनी चालत आलेले. त्यामुळे भरती केंद्रातल्या माणसाचं काम आलेल्याला परत पाठवणं हे नव्हतंच, आलेला टिकवणं हे होतं.

युद्ध सुरू झालं तेव्हा, ऑगस्ट १९१४ मध्ये, चाळणी बारीक होती. उंची किमान पाच फूट सहा इंच, छाती ३४ इंच. दात किडके म्हणून धडधाकट माणसं घरी पाठवली जात. पण आघाडीवर माणसं खपू लागली तशी चाळणीची भोकं मोठी होत गेली. जून १९१५ पर्यंत उंची पाच फूट दोन इंचांवर आली होती.

वयाचं काय? १८ ते २१ च्या मधल्या मुलाला आई-वडिलांची लेखी परवानगी लागायची. पण १८ पूर्ण झालीत की नाहीत, हे ठरवायचं कुणी? तर स्वतः मुलाने. अर्जावर प्रश्न असायचा, वय काय. तुम्ही सांगाल ते लिहून घेतलं जायचं. जन्माचा दाखला कुणी मागत नसे. डॉक्टर उंची, छाती, डोळे, दात तपासायचा. त्यात तुमचं वय कुठेच दिसत नाही.

आणि जिम अंगाने थोराड होता. शाळा सोडून शेतावर कामाला लागला होता. शिवाय कवायत त्याला पाठ होती, कारण १९११ पासून ऑस्ट्रेलियात मुलांना लष्करी शिक्षण सक्तीचंच होतं: १२ ते १४ वयाची मुलं कनिष्ठ कॅडेट, १४ ते १८ ची वरिष्ठ कॅडेट. आपल्या एनसीसीसारखंच समजा, फरक एवढाच की ती ऐच्छिक आणि ही कायद्याने बांधलेली. बाराव्या वर्षापासून 'डावं-उजवं' करणारा, बंदूक ओळखणारा मुलगा भरती केंद्रात ताठ उभा राहिला तर १८ चा वाटणारच. म्हणजे सरकारने एका हाताने मुलांना सैनिक बनवायचं आणि दुसऱ्या हाताने 'थांबा, अजून लहान आहात' म्हणायचं. मुलांनी दुसरा हात बघितलाच नाही.

सही

आता घरात काय झालं ते. जिमचे वडील, मूळचे न्यूझीलंडचे, आधी स्वतः भरतीला गेले होते. त्यांना वयामुळे परत पाठवलं. घरात दुसरा पुरुष नाही. मग जिम म्हणाला, मी जातो.

आई-वडील अर्थातच नाही म्हणाले. त्यावर त्याने जे सांगितलं, ते माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं सर्वांत चलाख आणि सर्वांत निर्दय वाक्य आहे. तुम्ही परवानगी दिली नाहीत तर मी खोट्या नावाने भरती होईन, आणि मग तुम्हाला पत्र लिहिणार नाही.

ही पोकळ धमकी नव्हती. खोट्या नावाने भरती होणं त्या काळात सर्रास चालायचं. कुणी घर सोडून पळालेला, कुणी बायको सोडून आलेला, कुणी एकदा नापास होऊन दुसऱ्या केंद्रावर नशीब आजमावणारा. सैन्यालाही हे माहीत होतं. नंतर येऊन खरं नाव जाहीर करता यायचं आणि तशी नोंद फाइलीत व्हायची. पण जाहीर करायच्या आतच माणूस मेला तर? फाइलीत खोटं नाव, खोटा पत्ता. तार जाणार कुठे? घरचे वर्षानुवर्षं दारात डोळे लावून बसणार.

म्हणजे अमेलिया मार्टिन या बाईपुढे 'पाठवू की नको' असा प्रश्न उरलाच नव्हता. 'जाईल आणि मला कळत राहील' की 'जाईल आणि मला काहीच कळणार नाही', यातलं एक निवडायचं होतं. तिने पहिलं निवडलं. तिने परवानगी दिली ती युद्धासाठी नव्हे, पत्रांसाठी.

तिसरी वाट होती का? होती. वयाने लहान मुलांना आई-बापांनी परत मागितल्याचे आणि सैन्याने सोडल्याचे दाखले त्या काळात सापडतात. ती जन्माचा दाखला घेऊन केंद्रावर जाऊ शकली असती. मग मुलगा पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नावाने उभा राहिला असता का? कुणास ठाऊक. इथे बसून त्या बाईला शहाणपण शिकवणं मला तरी जमत नाही. पण संमती दिल्यावर तीही त्या खोट्यात सामील झाली हेही खरं. १८ ते २१ च्या मुलाला परवानगी द्यायची, म्हणजे तो १८ चा आहे यालाही दुजोरा द्यायचा.

तारीख १२ एप्रिल १९१५. वय १४ वर्षं ३ महिने, कागदावर १८. पलटण, २१वी बटालियन. गॅलिपोली हे नाव तेव्हा घरात कुणी ऐकलंही नसेल. तिथला हल्ला सुरू व्हायला अजून १३ दिवस होते.

पैशाचाही एक मुद्दा आहे, तो सांगून टाकतो. ऑस्ट्रेलियन शिपायाला दिवसाला सहा शिलिंग मिळायचे, त्यातला एक शिलिंग नंतर देण्यासाठी राखून ठेवत. इंग्रज शिपायाला एक शिलिंग. आणि आपल्या हिंदुस्थानी शिपायाला महिन्याला ११ रुपये. त्या वेळच्या दराने सहा शिलिंग म्हणजे साडेचार रुपये. आपल्या शिपायाचा महिन्याचा पगार ऑस्ट्रेलियन शिपाई अडीच दिवसांत मिळवायचा. जिम पैशासाठी गेला असं कुठे दिसत नाही, पण शेतगडी म्हणून राबणाऱ्या मुलाला हा आकडा लहान वाटला नसणार.

गॅलिपोली म्हणजे काय प्रकरण होतं?

नकाशा डोळ्यांपुढे आणा. तुर्कस्तानात समुद्राची एक चिंचोळी खाडी आहे, दार्दानेल्स. भूमध्य समुद्रातून कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, जहाजाने जायचं तर तिच्यातूनच जावं लागतं, आणि पुढे काळ्या समुद्रातून रशियाला पोचता येतं. खाडीच्या एका बाजूला जिभेसारखं लांबट, डोंगराळ द्वीपकल्प आहे. ते गॅलिपोली.

रशिया ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूने होता पण एकटा पडला होता. तुर्कस्तानचं ऑटोमन साम्राज्य जर्मनीच्या बाजूने. लंडनमध्ये हिशेब मांडला गेला: खाडी जिंकायची, राजधानीवर तोफा रोखायच्या, तुर्क शरण येतील, रशियाची वाट मोकळी होईल. कागदावर सुरेख दिसत होतं. १८ मार्च १९१५ ला नौदलाने खाडीत घुसायचा प्रयत्न केला, सुरुंगांवर आणि किनाऱ्यावरच्या तोफांवर आपटून तो फसला. मग ठरलं, आधी पायदळ उतरवून टेकड्या घ्यायच्या.

२५ एप्रिलला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजा, ज्यांना 'अँझॅक' म्हणतात, पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या. त्या जागेलाही पुढे 'अँझॅक'च म्हणू लागले. समोर उभे कडे, काटेरी झुडपं, घळी. आणि वर मुस्तफा केमाल नावाचा तुर्क अधिकारी, जो पुढे आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक झाला. पहिल्या दिवशी टेकडीच्या पोटाला जी माणसं चिकटली, ती थोड्याफार फरकाने आठ महिने तिथेच चिकटून राहिली. ऑगस्टमध्ये मोठा जोर लावून पाहिला, लोन पाइन नावाच्या पठारावर चार दिवस हातघाईची लढाई झाली, ती जागा मिळालीही, पण डोंगराचा माथा काही मिळाला नाही. त्यानंतर दोन्ही बाजू खंदकांत बसल्या आणि एकमेकांना थकवू लागल्या. सह्याद्रीच्या एखाद्या घाटात वरून दुसऱ्याने पहारा ठेवलाय आणि आपण खालच्या नळीत आठ महिने अडकून पडलोय, असं काहीसं.

जिम पोचला तो या थकव्याच्या काळात.

चार तास पाण्यात

२८ जून १९१५ ला तो मेलबर्नहून 'बेरिमा' जहाजाने निघाला. इजिप्तमध्ये थोडं प्रशिक्षण झालं. ऑगस्टच्या शेवटी २१व्या बटालियनला 'साउथलंड' जहाजावर चढवून गॅलिपोलीकडे धाडलं.

२ सप्टेंबरच्या सकाळी, ग्रीसच्या लेम्नॉस बेटाजवळ, जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो जहाजाला लागला. नावा सोडल्या गेल्या, काही उलटल्या. ब्रिगेडचे प्रमुख कर्नल लिंटन या अपघातात दगावले. जहाज मात्र बुडालं नाही. काही सैनिकांनी खाली उतरून बॉयलरमध्ये कोळसा घालायचं काम केलं आणि ते कसंबसं बेटाला लावलं. जिम तोवर समुद्रात होता. चार तास. हॉथॉर्नच्या शाळेत शिकलेला मुलगा, एजियन समुद्रात, जे हाताला लागेल ते धरून.

यानंतर त्याला कुणी घरी पाठवलं नाही, आणि त्याने मागितलंही नाही. आठवड्याच्या आत, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, बटालियन रात्री अँझॅकच्या किनाऱ्यावर उतरली. त्याला मिळालेली जागा होती कोर्टनीज पोस्ट, मोनाश व्हॅली नावाच्या घळीच्या वरच्या तोंडाशी, कड्याला लटकल्यासारखी चौकी.

तिथून त्याने घरी लिहिलं की तुर्क आमच्यापासून सत्तरेक यार्डांवर आहेत. सत्तर यार्ड म्हणजे किती? क्रिकेटचं पिच बावीस यार्डांचं. तीन पिचं मांडली की झालं. बॅट्समन आणि सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक, एवढं अंतर. खोकला आला तरी पलीकडे ऐकू जावा असं. काळजी करू नकोस, मी मजेत आहे, असंही त्याच पत्रांत आहे. आणि एक तक्रार वारंवार: तुमच्याकडून पत्रच येत नाही.

घरून पत्रं जात होती. पण मेलबर्नहून बोट, मग इजिप्त, तिथून बेट, तिथून लहान बोटीने किनारा, असा दीड-दोन महिन्यांचा प्रवास, आणि मधेच पलटण हललेली. सैनिकांची डाक त्यांच्या मागे मागे फिरत राहायची. ज्या पत्रांसाठी आईने परवानगी दिली, ती एकाच दिशेने धावत होती. त्याची तिला मिळत होती, तिची त्याला नाही.

गोळी नव्हे, माशी

युद्धातला मृत्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोळी येते. अँझॅकवर त्या शरद ऋतूत माणसं सर्वांत जास्त कशाने बाहेर पडत होती? पोटाच्या आजारांनी. हगवण, काविळ, आणि आंत्रज्वर, म्हणजे आपला विषमज्वर, टायफॉइड.

कारण समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही. एका चिंचोळ्या पट्टीत हजारो माणसं. संडास म्हणजे उघडे चर, खंदकापासून काही पावलांवर, कारण लांब जायला जागाच नाही आणि गेलात तर गोळी. दोन्ही खंदकांच्या मधल्या पट्टीत महिनोन्‌महिने पडलेली प्रेतं, जी कुणाला उचलता येत नव्हती. त्यावर तुर्कस्तानचा उन्हाळा. अशा ठिकाणी माशी कुठे बसते आणि तिथून कुठे जाते, ते सांगायला नको.

जॅमचा डबा हे तिथल्या सैनिकांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येणारं चित्र आहे. डबा उघडला की क्षणात वरचा थर काळा होतो. बिस्किट तोंडाकडे नेताना दुसरा हात सतत हलता ठेवायचा. तरी एखादी माशी घासाबरोबर आत जातेच. बिस्किटं इतकी कडक की काही जण ती दगडाने फोडून पाण्यात भिजवत. बरोबर खारट डबाबंद मांस, ज्याने तहान वाढते. आणि पाणी मोजून.

पाण्याची गोष्ट इथे आपल्याशी येऊन जुळते. अँझॅकच्या पट्टीत पुरेसं गोडं पाणी नव्हतं, ते जहाजांनी आणावं लागायचं. किनाऱ्यापासून वर चौक्यांपर्यंत नेणार कोण? तर खेचरं, आणि ती हाकणारे हिंदुस्थानी. इंडियन म्यूल कॉर्प्सचे हे लोक रात्री, गोळीबारातून, घळीघळीतून पाणी, दारूगोळा आणि शिधा वर पोचवत. डोंगरी तोफखान्याच्या कोहाट आणि जेकब या हिंदुस्थानी बॅटऱ्याही पहिल्या दिवसापासून तिथे होत्या. गाढवावरून जखमींना वाहून आणणारा सिम्पसन, ज्याची कथा ऑस्ट्रेलियात प्रत्येक पोराला माहीत असते, तो मुक्कामाला या हिंदुस्थानी खेचरवाल्यांच्या तळावरच असे. जिमच्या बाटलीत कोर्टनीज पोस्टवर जे पाणी पडलं, ते बहुधा कुठल्या तरी हिंदुस्थानी माणसाने वर चढवलेलं होतं.

आता, टायफॉइडची लस तेव्हा होती. सैनिकांना टोचली जायची. मग माणसं आजारी का पडत होती? एक तर लस म्हणजे चिलखत नव्हे. जंतू फार प्रमाणात पोटात गेले आणि अंगात त्राण नसलं की ती अपुरी पडते. दुसरं, टायफॉइडसारखेच दिसणारे पॅराटायफॉइडचे जे दोन प्रकार आहेत, त्यांच्यावर ती चालत नव्हती. तिन्हींवर चालणारी एकत्र लस सैन्यात आली ती गॅलिपोली संपता संपता.

टायफॉइड हळू चढतो. ताप रोज थोडा वाढतो, डोकं जड, जिभेवर पांढरा थर, खाणं नकोसं. पहिल्या आठवड्यात माणूस हिंडू-फिरू शकतो, आणि तीच गोम आहे. खंदकात प्रत्येकाचंच पोट बिघडलेलं, प्रत्येकालाच कणकण. त्यात 'मला बरं नाही' म्हणणं म्हणजे आपली पाळी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. ज्याला आपण १८ चे आहोत हे रोज सिद्ध करायचंय, असा मुलगा तर शेवटपर्यंत म्हणणार नाही. जिमने तेच केलं. अगदी गळून जाईपर्यंत वैद्यकीय तंबूकडे फिरकला नाही.

दोन-तीन आठवडे अंगावर काढलेला टायफॉइड आतड्याला जखमा करतो आणि त्याचं विष हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतं. अशा रोग्याला तेव्हा औषध काहीच नव्हतं. प्रतिजैविकं यायला अजून पंचवीस-तीस वर्षं होती. पडून राहणं, पातळ खाणं, चांगली नर्स, एवढाच उपचार.

२५ ऑक्टोबरला त्याला किनाऱ्यावरून 'ग्लेनार्ट कॅसल' या रुग्णालय-जहाजावर आणलं. अँझॅकवरच्या पहिल्या हल्ल्याला त्या दिवशी बरोबर सहा महिने झाले होते. स्वच्छ चादर, अंग पुसणं, कुणीतरी बाई जवळ. त्याच संध्याकाळी हृदय बंद पडून तो गेला. समुद्रातच दफन झालं. (हे जहाजही पुढे फेब्रुवारी १९१८ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने बुडवलं, रुग्णालयाच्या खुणा असताना. पण ती वेगळी गोष्ट.)

खंदकात तो दीड महिनाभर होता. त्याला पदक नाही, कुठली कामगिरी नोंदलेली नाही. लोक त्याला वीर म्हणतात तेव्हा मला किंचित अवघडल्यासारखं होतं. तो हट्टी होता, धीराचा होता, घरच्यांवर जीव असलेला होता. आणि डिसेंबरमध्ये सगळी फौजच गुपचूप गॅलिपोली सोडून निघून गेली. २० डिसेंबरच्या पहाटेपर्यंत अँझॅकचा किनारा रिकामा. ऑस्ट्रेलियाची आठ हजारांहून जास्त माणसं, आणि तुर्कांची त्याच्या कितीतरी पट, ज्या टेकड्यांसाठी गेली त्या होत्या तिथेच राहिल्या.

तार आधी, पत्र नंतर

त्या युद्धात ऑस्ट्रेलियात मृत्यूची तार बऱ्याचदा टपालवाला न आणता गल्लीतला पाद्री आणायचा. सरकारचा हेतू चांगला होता, बाईला एकटीला हे वाचायला लागू नये. परिणाम असा झाला की रस्त्यात पाद्री दिसला की बायका घरात जाऊन पडद्याआडून बघायच्या, कुणाच्या फाटकाशी थांबतो ते.

तार काही दिवसांत पोचते, पत्राला सहा-सात आठवडे लागतात. याचा अर्थ काय होतो, ते जरा थांबून बघा. मुलगा गेल्याचं कळल्यानंतर मुलाची पत्रं येत राहतात. त्यात तो मजेत असतो, पत्र का लिहीत नाही म्हणून रुसलेला असतो. पहिल्या महायुद्धात कितीतरी घरांनी हे भोगलं.

जहाजावरच्या मेट्रनने, म्हणजे मुख्य नर्सने, फ्रान्सिस रेडोक यांनी, जिमच्या आईला पत्र लिहिलं. आता बरं वाटतंय असं तो म्हणाला, जे केलं त्याबद्दल फार गोडीने आभार मानले, मग झोपायला म्हणून वळला आणि गेला. हेही एक प्रकारे त्या सहीच्या बदल्यात मिळालेलं पत्रच. खऱ्या नावाने भरती झाला होता, खरा पत्ता होता, म्हणून ते हॉथॉर्नला पोचलं.

कागद

गॅलिपोलीवर लोन पाइनला एक स्मारक आहे. ज्यांची कबर सापडत नाही किंवा ज्यांना समुद्रात सोडलं, अशा ४,९०० हून अधिक ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडर सैनिकांची नावं तिथे कोरली आहेत. जिमचं त्यात आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने पहिल्या महायुद्धातल्या आपल्या सैनिकांच्या पावणेचार लाखांच्या घरातल्या फाइली स्कॅन करून सगळ्यांना खुल्या केल्यात. जिमचीही. घरबसल्या उघडता येते. भरतीचा अर्ज, वयापुढे १८, शपथ, खाली सही.

हे बघताना मला आपली गावं आठवतात. १९१५ च्या ज्या शरदात जिम कोर्टनीज पोस्टवर होता, त्याच वेळी त्याच तुर्कांशी इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, 'पूना डिव्हिजन' लढत होती. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिच्यात होत्या. बगदादच्या दारातून मागे फिरून ती कूत-अल-अमारा या गावात वेढली गेली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. घोडे-खेचरं कापून खाल्ली, शेवटी सुमारे १३ हजार लोक शरण गेले. त्यातले कितीतरी वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत संपले, बरेचसे पुन्हा पोटाच्या आजारांनी.

त्यांच्यातही कमी वयाची पोरं असतील. सांगायचं कशावरून? आपल्याकडे भरतीला जन्मतारीख विचारण्यात तेव्हा फारसा अर्थच नव्हता, ती घरातही कुणाला ठाऊक नसे. पत्रं मुनशीकडून लिहून घ्यायची, घरी दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची. फ्रान्समधल्या हिंदुस्थानी सैनिकांच्या पत्रांतले जे उतारे आज वाचायला मिळतात, ते बहुतांशी सरकारी सेन्सॉरने इंग्रजीत उतरवून ठेवले म्हणून. मूळ पत्रं घरोघरी गेली आणि वाळवीने खाल्ली.

सातारा, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. युद्ध संपल्यावर सरकारने हिंदुस्थानभर बसवलेल्या पाट्यांपैकी. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसं गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे असतात. नाव एकही नसतं. भिंतीला चुना लावताना पाटीवरूनही कुंचा फिरलेला असतो, त्यामुळे दुसरा आकडा ३ आहे की ८, हे बोटाने चाचपून बघावं लागतं.